अरॅक्नॉइड सिस्ट : मेंदूच्या स्कॅनमध्ये आढळणारी पाण्याची पिशवी, तिची कारणे आणि गुंतागुंती

हलशीकर :
सप्रेम नमस्कार. माझा पुतण्या अकरा वर्षांचा असून खानापूर तालुक्यातील आमच्या गावी राहतो. सायकलवरून पडून डोक्याला मार लागल्याने बेळगावात त्याचा सीटी स्कॅन करण्यात आला. रक्तस्राव नाही, हाड मोडलेले नाही. मात्र डाव्या कानशिलाच्या आतील बाजूस अडीच सेंटिमीटरची अरॅक्नॉइड सिस्ट असल्याचे रिपोर्टमध्ये नमूद केले आहे. तपासणाऱ्या डॉक्टरांनी काळजीचे कारण नाही असे कन्नडमध्ये थोडक्यात सांगितले, परंतु घरी परतल्यावर प्रत्येकाने निराळे मत दिले. थोरल्या वहिनींच्या मते ही गाठ पडल्यामुळेच झाली. शेजाऱ्यांचे म्हणणे असे की कोबीतील किडा मेंदूत गेला आहे. एका नातेवाइकांनी तर मुलाला मिरजेला नेऊन तातडीने शस्त्रक्रिया करून घ्यावी असा आग्रहच धरला आहे. ही सिस्ट नेमकी कशामुळे होते, ती वाढते का, आणि तिच्यामुळे पुढे कोणत्या अडचणी उद्भवू शकतात, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे अशी विनंती आहे.

टिळकवाडी_डॉक्टर :
मी मेंदूविकारांच्या क्षेत्रात काम करून आता निवृत्त झालो आहे. आपल्या पुतण्याला तपासल्याशिवाय त्याच्याविषयी निश्चित मत देणे योग्य होणार नाही, म्हणून या विकाराविषयी जे सर्वमान्य आहे तेवढेच लिहितो.

मेंदूभोवती तीन आवरणे असतात. सर्वांत बाहेरचे जाड आणि चिवट, सर्वांत आतले मेंदूला चिकटलेले अतिशय पातळ, आणि या दोहोंमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे नाजूक असे अरॅक्नॉइड आवरण. या मधल्या आवरणाच्या खाली मेंदूचे पाणी खेळत असते. गर्भाची वाढ होत असताना ही आवरणे एकमेकांपासून विलग होतात. त्या वेळी काही ठिकाणी अरॅक्नॉइड आवरण स्वतःच दुभंगून त्याचे दोन पापुद्रे होतात आणि त्यांच्यामध्ये पाणी साचते. हीच अरॅक्नॉइड सिस्ट होय. पापुद्रे दुभंगण्याची ही कल्पना स्टार्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये सविस्तर मांडली आणि १९८१ मध्ये रेंगाचारी व वातानाबे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने तिला दुजोरा दिला. या विकाराचे पहिले वर्णन मात्र त्याहून फार जुने असून ते इंग्लंडमधील रिचर्ड ब्राइट यांनी १८३१ मध्ये केले, असे मानले जाते.

याचा सरळ अर्थ असा की, बहुसंख्य सिस्ट जन्माच्या आधीपासूनच असतात. सायकलवरून पडल्याने आपल्या पुतण्याची सिस्ट निर्माण झालेली नाही. पडल्यामुळे स्कॅन झाला आणि स्कॅनमुळे ती दिसली, इतकाच दोहोंचा संबंध असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे. डोक्याला झालेली गंभीर दुखापत, मेंदूज्वर, मेंदूतील रक्तस्राव किंवा पूर्वीची शस्त्रक्रिया यांनंतर आवरणे एकमेकांना चिकटून पाणी कोंडले जाते आणि अशाच प्रकारची सिस्ट तयार होते हेही खरे आहे, परंतु असे रुग्ण थोडे असतात.

कानशिलाच्या आतील खोलगट भाग हे तिचे सर्वांत नेहमीचे ठिकाण आहे. उजव्यापेक्षा डावी बाजू आणि मुलींपेक्षा मुलगे यांचे प्रमाण अधिक आढळते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या २०१० मधील अभ्यासात एमआरआय झालेल्या ११,७३८ मुलांपैकी ३०९ मुलांमध्ये, म्हणजे सुमारे २.६ टक्के मुलांमध्ये, ही सिस्ट आढळली होती. त्याच गटाच्या प्रौढांवरील अभ्यासात हे प्रमाण १.४ टक्के होते. एवढ्या लोकांच्या डोक्यात ही सिस्ट असते आणि त्यांतील बहुतेकांना ती आयुष्यभर कळतही नाही.

पशुवैद्य_चिकोडी :
डॉक्टरसाहेबांच्या विवेचनाला थोडी जोड देतो. आपल्या भागात कोणत्याही पोकळीला लोक सरसकट पाण्याची गाठ म्हणतात आणि त्यामुळे तीन वेगवेगळ्या विकारांची सरमिसळ होते. कोबीतील किडा म्हणून जो ओळखला जातो, तो प्रत्यक्षात डुकरांमधील पट्टकृमी असतो. पट्टकृमीची बाधा झालेल्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात, ती अस्वच्छ पाणी, न धुतलेल्या भाज्या किंवा हात यांच्या वाटे दुसऱ्याच्या पोटात जातात आणि तेथून अळी मेंदूत पोहोचते. कोबीचा दोष असलाच तर तो न धुण्याचा.

दुसरा विकार कुत्रा आणि मेंढी यांच्यामधील कृमीचा. चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात मेंढपाळी मोठ्या प्रमाणावर चालते. मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढीचे यकृत आणि फुप्फुस कळपातील कुत्र्यांना खाऊ घातले जाते, कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी माणसापर्यंत पोहोचतात आणि माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ वाढते. ती मेंदूत होणे विरळ असले तरी अशक्य नाही आणि झालीच तर ती बहुधा लहान मुलांमध्ये आढळते. हे दोन्ही विकार संसर्गजन्य आहेत, अरॅक्नॉइड सिस्ट मात्र कोणत्याही जंतूमुळे किंवा कृमीमुळे होत नाही. स्कॅनवर या तिन्हींमध्ये फरक कसा करतात, हे डॉक्टरसाहेबांनी सांगितल्यास बरे होईल.

टिळकवाडी_डॉक्टर :
पशुवैद्य महोदयांनी उपस्थित केलेला मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे, कारण केवळ गाठ या शब्दावरून जंतांच्या गोळ्या सुरू केलेले रुग्ण मी पाहिले आहेत. अल्बेंडाझोल या जंतांच्या औषधाचा अरॅक्नॉइड सिस्टवर काडीमात्र उपयोग होत नाही.

एमआरआयच्या प्रत्येक प्रकारच्या चित्रात अरॅक्नॉइड सिस्टमधील द्रव मेंदूच्या पाण्याप्रमाणेच दिसतो, तिची भिंत इतकी पातळ असते की ती वेगळी ओळखू येत नाही, आणि रंगद्रव्याचे इंजेक्शन दिल्यानंतरही ती उजळत नाही. पट्टकृमीच्या गाठी बहुधा लहान, अनेकदा एकाहून अधिक असतात. आत अळीच्या डोक्याचा ठिपका दिसू शकतो आणि भोवतालच्या मेंदूला सूज असू शकते. मेंढीच्या कृमीची गाठ मोठी, गोल आणि बहुधा मेंदूच्या आतच असते. एपिडर्मॉइड नावाची आणखी एक गाठ सीटी स्कॅनवर अरॅक्नॉइड सिस्टसारखी भासते, पण एमआरआयमधील डिफ्यूजन चित्रांत ती ठळक पांढरी उमटते आणि अरॅक्नॉइड सिस्ट उमटत नाही. सीटी स्कॅनवर सिस्ट दिसल्यावर एकदा एमआरआय करून घेण्याचा सल्ला दिला जातो, त्यामागे हेच कारण आहे.

निपाणीच्या_वहिनी :
माझ्या मनात फार दिवसांपासून एक प्रश्न आहे. माझे डोके कित्येक वर्षांपासून दुखते आणि एमआरआयमध्ये मागच्या बाजूला, लहान मेंदूजवळ, छोटी अरॅक्नॉइड सिस्ट आढळली आहे. तेव्हापासून घरातील प्रत्येकजण डोकेदुखीचे खापर तिच्यावरच फोडतो. पाणी कमी प्यावे, म्हणजे सिस्टमधील पाणी वाढणार नाही, असेही मला सांगण्यात आले आहे. उपवासाच्या दिवशी तर दुखणे असह्य होते.

टिळकवाडी_डॉक्टर :
वहिनी, पाणी कमी पिण्याचा सल्ला कृपया मानू नका. मेंदूचे पाणी मेंदूच्या आतील पोकळ्यांमध्ये तयार होते. प्रौढ माणसात ते दररोज सुमारे अर्धा लिटर तयार होते आणि तितकेच शोषले जाते. कोणत्याही क्षणी त्याचे एकूण प्रमाण सुमारे १५० मिलिलिटर असते. आपण किती पाणी प्यालात यावर सिस्टचा आकार अवलंबून नसतो. उलट उपाशी राहणे आणि शरीरातील पाणी कमी होणे ही अर्धशिशी उसळण्याची सुपरिचित कारणे आहेत.

डोकेदुखी आणि सिस्ट एकाच माणसात असणे आणि सिस्टमुळे डोके दुखणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. डोकेदुखी इतकी सार्वत्रिक आहे की लहान सिस्ट असलेल्या पुष्कळ लोकांचे डोके सिस्टशी कोणताही संबंध नसताना दुखते. सिस्टवर खरोखर संशय घ्यावा अशा डोकेदुखीत दाब वाढल्याच्या खुणा असतात. ती दिवसेंदिवस वाढत जाते, पहाटे किंवा आडवे झाल्यावर अधिक होते, सोबत उलट्या होतात, डोळ्यांसमोर अंधारी येते किंवा एकाच्या दोन वस्तू दिसतात. नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्याच्या मागील पडद्याची तपासणी करून घेतल्यास तेथील मज्जातंतूला सूज आहे किंवा नाही हे कळते. ही तपासणी स्वस्त आहे, निपाणीतही होऊ शकते, आणि तरीही ती अनेकदा राहून जाते. लहान मेंदूजवळची मोठी सिस्ट असल्यास तोल जाणे आणि चालताना झोकांड्या येणे हीही लक्षणे असू शकतात. यांपैकी काहीच नसेल, तर आपण अर्धशिशीचे रीतसर उपचार घ्यावेत.

फिट्सच्या बाबतीतही हीच सावधगिरी लागते. सिस्ट असलेल्या काही रुग्णांना फिट येतात, परंतु ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, काढल्यावर फिटचा उगम सिस्टपासून दूर, क्वचित विरुद्ध बाजूलाही आढळतो. म्हणून फिट येतात आणि सिस्ट दिसते, एवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरवता येत नाही.

तालीम_संकेश्वर :
मी मुलांना कुस्ती शिकवतो. माझ्या एका शिष्याला अशी सिस्ट असल्याचे कळल्यावर त्याच्या वडिलांनी त्याची तालीम बंद केली. मुलगा फार निराश झाला आहे. मार लागल्यास सिस्ट फुटते, हे खरे आहे काय?

टिळकवाडी_डॉक्टर :
वस्ताद, आपला प्रश्न या विषयाच्या सर्वांत गंभीर भागाशी संबंधित आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सिस्टच्या बाहेरच्या भिंतीला फट पडल्यास तिच्यातील पाणी बाहेरच्या जाड आवरणाखाली पसरते. यालाच सबड्युरल हायग्रोमा म्हणतात. दुसरी गुंतागुंत रक्तस्रावाची आहे. सिस्टच्या भिंतीवरून आणि परिसरातून बारीक, ताणलेल्या शिरा गेलेल्या असतात. डोक्याला धक्का बसल्यावर त्या तुटून जाड आवरणाखाली किंवा प्रत्यक्ष सिस्टमध्ये रक्त साचू शकते. म्हातारपणी मेंदू आकसल्यामुळे असे रक्त हळूहळू साचणे नित्याचे आहे. परंतु विशीतल्या तरुणात किंवा मुलामध्ये ते आढळले, तर मागे अरॅक्नॉइड सिस्ट आहे का हे आम्ही आवर्जून पाहतो. पाच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी सिस्ट आणि नजीकच्या काळात डोक्याला लागलेला मार, या दोन गोष्टींमुळे फुटण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो असे आढळले आहे. तरीही सिस्ट असलेल्या एकूण माणसांचा विचार करता ही घटना विरळच राहते.

येथे एक बाब विशेष ध्यानात ठेवावी. हे रक्त किंवा पाणी मार लागल्याच्या दिवशीच दिसेल असे नाही. ते काही आठवडे सावकाश साचू शकते. मुलगा मैदानातून चालत घरी येतो, चार दिवस ठीक असतो आणि महिनाभराने डोके धरून बसतो, उलट्या करतो किंवा सुस्त होतो. तोपर्यंत पडल्याची गोष्ट सर्वांच्या विस्मरणात गेलेली असते. म्हणून सिस्ट असलेल्या मुलाच्या बाबतीत मार लागल्यानंतरचा महिना-दोन महिन्यांचा काळ घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावा.

कुस्ती सर्वांनाच बंद करावी असा कोणताही सर्वमान्य नियम नाही. लहान, लक्षणरहित सिस्ट असलेल्या मुलांना बहुतेक शल्यविशारद खेळण्याची मोकळीक देतात. सिस्ट मोठी असेल, मेंदू एका बाजूला सरकलेला असेल, पूर्वी रक्तस्राव झालेला असेल, तर डोक्यावर आदळण्याचा संभव असलेले खेळ टाळण्यास सांगतात. आपल्या शिष्याचा निर्णय त्याचे स्कॅन पाहूनच व्हावा. माझे वैयक्तिक मत विचाराल, तर लाल मातीतील सरावापेक्षा हेल्मेटविना मोटारसायकलवरून संकेश्वर ते गडहिंग्लज जाणे मला अधिक चिंताजनक वाटते.

कारवारची_आई :
माझ्या मुलीची कहाणी निराळी आहे, ती कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. ती दोन वर्षांची असताना बसल्या जागी सतत मान डोलवत असे. आम्हाला तो लाडाचा चाळा वाटे. डोक्याचा घेरही वाढत होता. एमआरआयमध्ये मेंदूच्या मध्यभागी, पिट्युटरी ग्रंथीच्या वर, मोठी अरॅक्नॉइड सिस्ट निघाली आणि तिच्यामुळे पाण्याची वाट अडून मेंदूतील पोकळ्या फुगल्या होत्या. दुर्बिणीच्या साहाय्याने सिस्टला वरून आणि खालून छिद्रे करून तिचे पाणी नैसर्गिक मार्गाशी जोडण्यात आले. मान डोलणे हळूहळू कमी झाले. मात्र मुलीची उंची आणि वयात येण्याची लक्षणे यांवर लक्ष ठेवण्यासाठी आम्हाला अजूनही हार्मोनच्या डॉक्टरांकडे जावे लागते.

टिळकवाडी_डॉक्टर :
ताई, आपण लिहिलेत ते फार बरे झाले, कारण वरील चर्चेवरून ही सिस्ट नेहमीच निरुपद्रवी असते असा समज होण्याचा संभव होता. तिचा उपद्रव तिच्या आकाराइतकाच ठिकाणावर अवलंबून असतो. पिट्युटरीच्या वरच्या सिस्टमुळे पाण्याचा मार्ग बंद होतो, डोळ्यांचे मज्जातंतू दाबले जातात आणि हार्मोनचे नियंत्रण बिघडून मुले अकाली वयात येऊ शकतात. कानशिलातील तेवढ्याच आकाराची सिस्ट मात्र वर्षानुवर्षे गप्प राहू शकते.

सिस्ट मोठी का होते, याविषयी तीन स्पष्टीकरणे दिली जातात. पाणी आत जाऊ देणारी परंतु बाहेर येऊ न देणारी एकेरी झडप भिंतीत असते, हे पहिले. आणि काही रुग्णांत दुर्बिणीतून अशी झडप उघडझाप करताना प्रत्यक्ष दिसलेली आहे. भिंतीतील पेशी स्वतः द्रव पाझरतात, हे दुसरे. आतील आणि बाहेरील द्रवाच्या क्षारांत फरक असल्यामुळे पाणी आत ओढले जाते, हे तिसरे. मात्र सिस्टमधील द्रव मेंदूच्या पाण्याशी बराच मिळताजुळता असल्याने हे शेवटचे कारण दुबळे समजले जाते. वाढीचा धोका प्रामुख्याने अगदी लहान वयात असतो. मिशिगनच्या ज्या अभ्यासाचा मी वर उल्लेख केला, त्यात निदानाच्या वेळी चार वर्षांहून मोठ्या असलेल्या एकाही मुलाची सिस्ट पुढे वाढली नाही.

येळ्ळूरकर :
आमच्या घराण्यात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. नात्यातील लग्नामुळे ही सिस्ट होते का?

टिळकवाडी_डॉक्टर :
एकच, साधी सिस्ट असेल तर नात्यातील लग्नाशी तिचा संबंध जोडण्याचे कारण नाही. असे बहुतेक रुग्ण कुटुंबात एकटेच असतात. एक अपवाद मात्र आवर्जून सांगतो. ग्लुटारिक अॅसिड्यूरिया प्रकार १ हा चयापचयाचा आनुवंशिक विकार आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यास होतो, आणि नात्यातील लग्नात तशी शक्यता वाढते. या विकारात बाळाचे डोके मोठे असते आणि दोन्ही कानशिलांच्या आत पाण्याच्या जागा रुंदावलेल्या दिसतात. म्हणून तान्ह्या मुलात दोन्ही बाजूंना सिस्ट दिसल्यास शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी रक्त आणि लघवीची चयापचयविषयक तपासणी करून घ्यावी. वेळीच आहार आणि औषधे सुरू झाल्यास अशा मुलाच्या मेंदूची हानी टाळता येते, उशीर झाल्यास ती भरून निघत नाही.

प्रौढांमध्ये आनुवंशिक पॉलिसिस्टिक मूत्रपिंड विकार (मूत्रपिंडात पाण्याच्या अनेक गाठी होणे) असलेल्यांपैकी सुमारे ८ ते १२ टक्के रुग्णांत अरॅक्नॉइड सिस्ट आढळते. घरात मूत्रपिंडात अनेक गाठी असण्याचा इतिहास असेल, तर डॉक्टरांना तो अवश्य सांगावा.

सीमाभाग_८६५ :
शस्त्रक्रिया करावी लागली, तर खर्चासाठी महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधार कर्नाटकाच्या सीमाभागातील आपल्या गावांना मिळावा म्हणून २०२३ मध्ये घोषणा झाली, कर्नाटक सरकारने तिला विरोधही केला. या प्रश्नावर सर्वांनी आवाज उठवला पाहिजे.

संचालक :
योजनांच्या आणि सीमाप्रश्नाच्या चर्चेसाठी स्वतंत्र धागा आहे. येथे विषय वैद्यकीयच ठेवावा.

हलशीकर :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेवटचे दोन प्रश्न विचारतो. शस्त्रक्रिया केल्यास सिस्ट कायमची नाहीशी होते का? आणि आम्ही आता नेमके काय करावे?

टिळकवाडी_डॉक्टर :
शस्त्रक्रियेचे मुख्य मार्ग तीन आहेत. दुर्बिणीतून सिस्टला छिद्र पाडणे, कवटी उघडून सूक्ष्मदर्शकाखाली तिची भिंत उघडणे, किंवा बारीक नळी बसवून तिचे पाणी पोटात सोडणे. नळीचा मार्ग तुलनेने सोपा असला तरी नळी तुंबणे, तिच्यात जंतुसंसर्ग होणे आणि शरीराला तिची कायमची सवय लागणे, या अडचणी आयुष्यभर सोबत राहू शकतात. म्हणून शक्य असेल तेथे आधी छिद्र पाडण्याचा विचार होतो. त्यातही आवरणाखाली पाणी साचणे, टाक्यांतून मेंदूचे पाणी गळणे आणि मेंदूज्वर हे धोके असतातच. यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही पोकळी स्कॅनवर पुष्कळदा दिसत राहते. लक्षणे गेली किंवा नाही हा यशाचा खरा निकष आहे. लक्षणेच नसलेल्या मुलावर केवळ चित्र सुधारण्यासाठी शस्त्रक्रिया करणे मला मान्य नाही.

आपण मेंदूच्या शल्यविशारदांची एक भेट घ्यावी आणि एमआरआयची आवश्यकता त्यांना विचारावी. मुलाला शाळेत जाऊ द्यावे, खेळू द्यावे. शाळेतील शिक्षकांना सिस्टची कल्पना द्यावी, जेणेकरून मैदानावर डोक्याला लागल्यास ते घरी कळवतील. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी, फिट, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता त्याच रात्री खानापुराहून बेळगाव गाठावे. आणखी एक व्यावहारिक सूचना अशी की, केवळ टाइप केलेला रिपोर्ट न ठेवता स्कॅनची सीडीही मागून घ्यावी आणि तिची प्रत मोबाइलमध्ये किंवा संगणकावर जपून ठेवावी. पुढे कधी बेळगावऐवजी मिरज, कोल्हापूर किंवा हुबळीच्या डॉक्टरांकडे जावे लागले, तर जुन्या चित्राशी नवे चित्र ताडून पाहिल्याशिवाय सिस्ट वाढली की नाही हे कोणालाही सांगता येणार नाही.

हलशीकर :
सीडी घेण्याचे आमच्या लक्षातच आले नव्हते. उद्या सकाळच्या बसने बेळगावला जाऊन ती मागून आणतो.